मानेवरचा मळ

२००३च्या एप्रिलमध्ये मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आले तेव्हा माझी भाची आठ वर्षांची होती आणि तिच्या मानेवर काहीही नव्हते. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण त्या उन्हाळ्यात पोहून आल्यावर तिचे ओले केस मीच पुसत असे.

दादा आणि वहिनी तिथे आधीपासून होते. आमचे भाड्याचे घर त्यांच्याच वसाहतीत, मधली हिरवळ ओलांडली की समोर. दोघेही सांता क्लाराला नोकरीला. सकाळी उजाडता उजाडता फ्रीवेला लागत आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर परत येत. मी नवऱ्याच्या व्हिसावर आले होते आणि त्या व्हिसावर काम करण्याची परवानगी नव्हती. पुण्यात एका दैनिकात महापालिका आणि न्यायालय या दोन विभागांच्या बातम्या मी केल्या होत्या. इथे माझ्याकडे गाडीचा परवाना आणि रिकामी दुपार होती. भाचीला शाळेतून आणणे, खायला घालणे आणि पोहायला नेणे हे काम माझ्याकडे कुणी सोपवले नाही. ते आपोआप आले.

खायला घालणे म्हणजे कपाट उघडणे.

दादाच्या घरात तूप नव्हते. आमचे वडील पन्नाशीत हृदयविकाराने गेले. तेव्हापासून तूप, साय, खोबरे, दाण्याचे कूट या सगळ्यांवर दादाने बंदी घातली होती. त्या वर्षांत तिकडच्या दुकानांत दर दुसऱ्या डब्यावर ‘फॅट फ्री’ असे ठळक छापलेले असे. दादाला ते दोन शब्द वडिलांच्या मृत्यूवरचे उत्तर वाटत. वहिनी नागपूरच्या कडक शाकाहारी घरातली. ती प्रत्येक पाकीट उलटे करून जिलेटिन, अंडे, प्राण्याची चरबी शोधायची. दुकानाच्या मधोमध सामानाची ढकलगाडी थांबवून, चष्मा कपाळावर चढवून वाचायची. मागच्या माणसांना खोळंबून राहावे लागे. एकाच घरात अशा दोन चाळण्या होत्या आणि दोन्ही बारीक होत्या. साखर दोन्हींतून आरामात खाली येत होती.

तळाशी जॅम असलेले फॅट फ्री दही. ज्यूसचे छोटे खोके, ठोकमध्ये आणलेले. ग्रॅनोलाच्या वड्या. सकाळी फ्रीझरमधली वॉफल आणि त्यावर पाक. जेवताना वरणभातावर तुपाऐवजी केचप. हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले मुलीने गंमत केली आहे. शिवाय इंडियन स्टोअरमधले आमरसाचे डबे. आमच्या आईकडे आमरस आंब्याबरोबर यायचा आणि आंब्याबरोबर संपायचा. इथे तो दर रविवारी असे, जानेवारीतही. डब्यातल्या रसात साखर आधीच घातलेली असते. भाची तो पोळीशी खात नसे, पेल्यातून पीत असे.

“फळ आहे ते,” वहिनी म्हणायची. “आमच्या घरात सोडा येत नाही. बाकीच्यांची पोरं बघ, काय काय पितात.”

हे खरे होते. त्या घरात सोडा कधीच आला नाही.

मी एकदा विषय काढला होता.

“वहिनी, या दह्यात साखर फार आहे गं.”

“फॅट फ्री आहे.”

“हो, पण साखर...”

“लहान आहे, खेळते, जिरतं सगळं. आणि नणंदबाई, तुमच्याकडे झालं की त्याला पहिल्या दिवसापासून कारल्याचा रस पाजा.”

दादा पेपर बाजूला करून हसला. मीही हसले. मूल नसलेल्या नणंदेने भावजयीच्या मुलीच्या ताटाबद्दल किती बोलायचे, याची एक मर्यादा असते. ती कुठेही लिहिलेली नसते आणि सगळ्यांना माहीत असते.

पोहायला मात्र ती मनापासून जायची. वसाहतीपासून जवळच सार्वजनिक तलाव होता. तिथली प्रशिक्षक एक उंच, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी बाई होती. भाची वेगवान नव्हती, पण थकत नसे. बाकीची मुले काठ धरून धापा टाकत तेव्हा ही पाठीवर पडून संथ हात मारत पुढे गेलेली असे. क्लबच्या संघात गेलेल्या मुलांना निळी टोपी मिळायची. ती टोपी तिला हवी होती. त्या वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट, आणि ती देणे माझ्या हातात नव्हते.

एरवी ती माझ्याशी इंग्रजीतच बोलायची. पोहून झाल्यावर गाडीत बसली की मराठी यायची. “आत्या, खूप भूक लागली.” मग ग्रॅनोलाची वडी आणि ज्यूसचा खोका. वहिनी दोन्ही पिशवीत घालून ठेवत असे.

२००५च्या जानेवारीत वहिनीने हळदीकुंकू केले. भाचीला खणाचे परकर-पोलके घातले होते, दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या. त्यामुळे मान उघडी होती. आलेल्या बायकांत कुणाच्या तरी सासूबाई होत्या, मुंबईहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. भाची त्यांच्या पाया पडायला वाकली. काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथून खाली मानेवर आणला.

“अगं बाई! मान बघितलीस का हिची? किती मळ साचलाय. अमेरिकेत पाण्याची टंचाई आहे की काय?”

बायका हसल्या. कुणी म्हणाले, “काकू, इथे पोरं स्वतःच अंघोळ करतात ना, लक्ष कुठे असतं आपलं.” वहिनीच्या हातात हळदीकुंकवाची कोयरी होती. तीही हसली. आधी हसली आणि मग पाहिले. मानेच्या मागच्या बाजूला, केस संपतात तिथे, कॉलरसारखी एक काळपट पट्टी होती. मीही ती तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिली. थंडीत तलाव बंद असे, आणि केस पुसायची वेळ बरेच महिने आली नव्हती.

भाची माझ्याजवळ आली.

“आत्या, व्हॉट्स मळ?”

मी सांगितले.

तिने मानेवर हात ठेवला. “बट आय स्विम,” ती म्हणाली.

पुढच्या रविवारी सकाळी मी कोथिंबीर मागायला गेले तेव्हा भाची स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती, डोके सिंकवर वाकवलेले. ओट्यावर वाटीत डाळीचे पीठ, हळद, लिंबाचा रस. साय हवी होती, पण त्या घरात साय येईल असे दूधच नव्हते. फॅट फ्री दुधात पीठ कालवले होते.

“मान खाली घाल. अजून.”

“इट हर्ट्स.”

“थोडं दुखणारच. हलू नको. काळी दिसते मान. शाळेत बोलतील सगळे.”

“नोबडी सेज एनीथिंग. ओन्ली यू से.”

वहिनी चोळत राहिली. पाण्याबरोबर पिवळे पीठ वाहून गेले, खाली कातडी लाल झाली आणि लालीच्या आत काळे तसेच होते. मी हात लावला तर ती जागा मळासारखी लागत नव्हती. जाड, मऊ, मखमलीवर उलटा हात फिरवल्यासारखी लागत होती. मी तसे म्हणाले.

“पुटं चढलीत,” वहिनी म्हणाली. “दोनतीन रविवार लागतील.”

वहिनी दुष्ट नव्हती. ती स्वतः सावळी होती. एकदा चहा गाळता गाळता तिने मला सांगितले होते, “रंगावरून तीन ठिकाणी नकार आला मला. चौथा तुझा दादा. त्याचा चष्म्याचा नंबर मोठा होता.” हे तिने विनोद म्हणून सांगितले होते आणि बऱ्याच वेळा सांगून तो गुळगुळीत झाला होता. मुलगी दादाच्या रंगावर गेली, याचे तिला वाटणारे समाधान ती लपवत नसे. आता त्या रंगावर मागच्या बाजूने काहीतरी चढत होते, आणि ते ती आपल्या हातांनी उतरवणार होती.

दोनतीन रविवारांत ते उतरले नाही. मार्चमध्ये तिने कारण शोधले.

“ऊन आणि क्लोरीन,” ती म्हणाली. “दोन्ही मिळून. मी पोहणं कॅन्सल केलं.”

“वहिनी, उन्हाने नेमकी मानेचीच पट्टी कशी काळी होईल? पाठ उघडी असते तिची. पाठ का नाही झाली?”

“तुला प्रश्न विचारायची सवय आहे. ही पत्रकार परिषद नाहीये.”

“दादा, तू तरी सांग.”

“एक सीझन जाऊ दे ना, यार,” दादा म्हणाला. “तसाही मॅथ्सचा क्लास लावायचाच होता. वेळ तोच आहे.”

अशा रीतीने तिच्या दिवसातून तलाव गेला आणि गणित आले. क्लास एका छोट्या बाजाराच्या रांगेत होता, डोनटच्या दुकानाला लागून. मुले तासभर वाकून गणिते सोडवत. पान बरोबर सोडवले की बाई काचेच्या बरणीतून एक गोळी देत. भाची हुशार होती. तिला पुष्कळ गोळ्या मिळत.

पुढचे दीड वर्ष ती रुंद होत गेली. परकराची शिवण उसवून घेतली, मग परकर पेटीत गेला. जीन्सऐवजी इलॅस्टिकच्या पँट आल्या. फोनवर पुण्याहून आई म्हणायची, “फोटोत छान गुटगुटीत दिसते गं. खात्यापित्या घरची.” इकडे दादा तिला जेवताना म्हणायचा, “हळू, हळू, प्लेट नको खाऊस.” दुपारी गाडीत ती बोलता बोलता झोपू लागली. उठवले की चिडायची आणि खोका मागायची.

त्या सुमारास डॉक्टरांनी वाढीचा आलेख काढून दाखवला होता. दहा मिनिटांची भेट. केस मोकळे, मान झाकलेली. डॉक्टर म्हणाले, वजन जास्त आहे, चरबीचे पदार्थ कमी करा. दादा आणि वहिनी घरी आले आणि काय कमी करायचे ते शोधू लागले. घरात कमी करण्याजोगी चरबी उरली नव्हती. शेवटी पोह्यांतले शेंगदाणे बंद झाले.

चोळणे चालूच होते. डाळीच्या पिठाच्या जागी साखर आणि लिंबू आले, कुठल्याशा मासिकात वाचून. साखरेचे खडे चांगले घासतात म्हणे. मग इंडियन स्टोअरमधले गोरेपणाचे क्रीम. मग टाचा घासायची वज्री. भाचीने केस बांधणे सोडले. फ्रीमाँटच्या उन्हाळ्यातही ती टोपीवाला जाड स्वेटर घालून शाळेच्या दारात उभी असे. मी विचारले तर म्हणायची, “आय अ‍ॅम कोल्ड.”

२००६च्या शरदात त्या उंच बाईचा फोन आला. क्लबच्या संघात अकरा-बारा वर्षांच्या गटात जागा होत्या, निवड चाचणी होती. तुमची मुलगी न थकणारी होती, ती अजून पोहते का, एवढेच तिने विचारले. भाचीने आईच्या मागे लकडा लावला. दोन दिवस तिने जेवणावर बहिष्कार टाकला. त्या घरात हे पूर्वी कधी घडले नव्हते.

“छत आहे का त्या तलावाला?” वहिनीने विचारले.

“येस! इट्स इनडोअर. देअर इज नो सन. झिरो सन, आई.”

“बघू. आधी मान जरा बरी दिसू दे. एवढे दोन रविवार.”

ते दोन रविवार जोरात झाले.

संघासाठी डॉक्टरांचे फिटनेस सर्टिफिकेट लागत होते. विमा बदलला होता, त्यामुळे डॉक्टरही नव्या. वहिनीला ऑफिसमधून सुटी मिळेना. तिने संमतीची चिठ्ठी लिहून दिली आणि मी भाचीला घेऊन गेले. डॉक्टर वयस्कर होत्या. त्यांनी छाती तपासली, पोट दाबून पाहिले, आणि तिला पुढे वाकायला सांगून मानेवरचे केस बाजूला केले.

मानेवर जुन्या खपल्या होत्या, नव्या खरचटलेल्या रेघा होत्या. मग त्यांनी अगदी सौम्य आवाजात मला बाहेर बसायला सांगितले आणि दार लावून घेतले.

आत काय झाले ते मला भाचीने नंतर गाडीत सांगितले.

“शी आस्क्ड हू इज हर्टिंग मी.”

“मग?”

“आय सेड नोबडी. आय सेड इट्स मळ.” ती खिडकीबाहेर बघत होती. “शी डिडन्ट नो द वर्ड.”

दार उघडल्यावर डॉक्टरांनी वहिनीला फोन लावला आणि मला समोर बसवून स्पीकरवर बोलल्या. हा मळ नाही. घासून तो जाणार नाही, घासल्याने फक्त जखमा होतील. शरीर गरजेपेक्षा फार जास्त इन्शुलिन तयार करते आहे, आणि त्याची खूण मानेच्या त्वचेवर उमटली आहे. तुमच्याकडच्या मुलांत असे फार जाड नसतानाही दिसते. मग त्यांनी विचारले, ही दिवसभरात काय पिते?

मी सांगितले. ज्यूस. किती, त्यांनी विचारले. तेही सांगितले.

उपाशीपोटी रक्त तपासले. साखर धोक्याच्या सीमेवर होती आणि यकृतावर चरबी जमा होत होती. निकाल ऐकायला दादा सुटी काढून आला होता.

“फॅटी लिव्हर?” तो म्हणाला. “फॅटी? घरात फॅटच नाहीये!”

डॉक्टरांनी त्याला समजावले की जास्तीच्या साखरेची चरबी यकृत स्वतःच बनवते. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवले. दादा इंजिनिअर होता. त्याला चित्र लगेच कळले. तो त्या कागदाकडे बघत बसला. वडील गेल्यापासून तो पुढच्या दाराला कुलपे लावत आला होता, आणि माल मागच्या दाराने रोज ठोकमध्ये येत होता. आणणारा तोच होता.

पण हे नंतरचे. फोन झाला त्या संध्याकाळी वहिनी ऑफिसमधून परस्पर माझ्याकडे आली. खांद्यावरची बॅगही तिने काढली नाही.

“कोर्टात साक्ष दिलीस का?”

“त्यांनी विचारलं ते सांगितलं.”

“मी तिला ज्यूस पाजते, किती पाजते, सगळं पाठ होतं तुला. वाटच बघत होतीस.”

“वहिनी, मी दोन वर्षांपूर्वी...”

“हो, सांगितलं होतंस. तूच शहाणी. एक पोर वाढवून बघ आधी, मग बोल.” मग तिचा आवाज उतरला. “त्या बाईने मला विचारलं, घरात मुलीला कुणी मारतं का. मला विचारलं! आजवर बोट लावलं नाही मी तिला.”

ती खुर्चीवर बसली. बॅग अजून खांद्यावरच होती.

“मळ होता तो,” ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “मला खरंच मळ वाटला गं.”

मी पाणी दिले. ते तिने प्यायले नाही.

डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिले होते. नुसते दिले नव्हते, पोहणे हेच औषध आहे असे सांगितले होते. खपल्या पडायची वाट पाहिली आणि चाचणीच्या दिवशी वहिनीने अर्धी सुटी घेतली. आम्ही तिघी गेलो. बंद तलावात क्लोरीनचा वास कोंडला होता, शिट्ट्यांचे आवाज छतावर आपटून परत येत होते. प्रशिक्षक बाईने भाचीला ओळखले, तिच्या खांद्यावर थाप मारली आणि चाचणीपुरती एक निळी टोपी दिली.

टोपी घालायची तर सगळे केस आत घ्यावे लागतात.

ती कपडे बदलून आली तेव्हा टोपी डोक्यावर होती आणि टॉवेल गळ्याभोवती. दोन्ही टोके तिने हनुवटीखाली मुठीत धरली होती. तिच्या वयाच्या मुली रांगेत उभ्या होत्या, उघड्या मानांच्या, एकमेकींना ढकलत. तिचे नाव पुकारले. ती जागची हलली नाही.

“जा बाळा,” वहिनी म्हणाली.

“आय कान्ट. दे विल सी.”

“कुणी बघत नाही. खरंच कुणी नाही बघत. जा.”

“यू डिड,” भाची म्हणाली. “एव्हरी संडे.”

नाव दुसऱ्यांदा पुकारले. उंच बाई काठाने चालत आमच्याकडे आली, काय ते समजली नाही, आणि म्हणाली की हवे तर शेवटी पोह. भाचीने नकारार्थी मान हलवली. ती बाकावर बसली, टॉवेल तसाच धरून, आणि इतर मुलींना पोहताना शेवटपर्यंत पाहत राहिली. पाठीवर पोहण्याची शर्यत आली तेव्हा तिच्या खांद्यांची किंचित हालचाल होत होती. मग तिने टोपी काढली, झटकून पाणी नसल्याची खात्री केली आणि खोक्यात परत ठेवली.

घरात बदल झाले. ज्यूसचे खोके गेले. आमरसाचे डबे मी आणि वहिनीने मिळून तिथल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला देऊन टाकले, म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांना पाजले. साखरेच्या जागी मध आला, मग गूळ, मग खजूर. “गुळाने काही होत नाही, आयुर्वेदात आहे,” असे मंडळातल्या एका काकूंनी सांगितले होते. मग ‘शुगर फ्री’ बिस्किटे आली. दादाच्या हातात आता पाकिटावरचे नवे दोन शब्द होते आणि त्यांवरही त्याचा तसाच विश्वास बसला. तूप मात्र परत आले, भातावर चमचाभर, आणि केचप गेले. रात्री जेवणानंतर वहिनी मुलीला घेऊन वसाहतीला फेऱ्या मारू लागली. मी खिडकीतून बघत असे. वहिनी बोलत असे आणि भाची दोन पावले पुढे चालत असे.

तिला साखर आटोक्यात ठेवायची गोळी सुरू झाली. तिच्या वर्गातल्या कुणालाही ते माहीत नव्हते. शाळेतल्या खाऊच्या यंत्रातून ती काय घेऊन खाते, हे घरात कुणाला माहीत नव्हते. मला माहीत होते, कारण कागद माझ्या गाडीत पडत. मी ते उचलून टाकत असे. तिच्या आईचे आणि माझे तिच्या अंगावरचे पुरेसे मोजून झाले होते.

कातडीला मात्र सूडबुद्धी नसते. चोळणे थांबले, खाणे थोडेफार बदलले, चालणे सुरू झाले, आणि २००८पर्यंत मानेची पट्टी बरीच फिकट झाली. लक्ष देऊन पाहिले तरच दिसेल इतकी. पण पाहायला ती कुणाला मिळत नव्हती. तेरा वर्षांची ती मुलगी केस मोकळेच ठेवत असे, आणि तलावाचा रस्ता लागला की गाडीत आवाज मोठा करत असे.

त्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याला टेक्सासमध्ये काम मिळाले आणि आम्ही फ्रिस्कोला निघालो. सामान आधीच गेले होते. निघायच्या सकाळी वहिनीने दारात मला कुंकू लावले, हातावर दही ठेवले. साधे दही, वर साखर नाही. पूर्वी ती निघताना दहीसाखर द्यायची. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. वाटेसाठी पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती.

“फोन करत जा,” ती म्हणाली. “आणि आता तरी मनावर घ्या दोघं. आत्याबाई म्हणून किती दिवस मिरवणार.”

“बघू,” मी म्हणाले.

भाची मला भेटायला पुढे आली. ती वाकून पाया पडली. आजीने फोनवर बजावले असणार. वाकल्यावर केस दोन्ही बाजूंना पडले. वहिनीचा हात पुढे आला. हातात बोटभर कुंकू होते, मुलीलाही लावावे म्हणून, आणि त्याआधी केस मागे सारावेत म्हणून. कुठल्याही आईचा हात जाईल तसा तो गेला.

बोटे मानेपर्यंत पोहोचायच्या आत भाचीने खांदे कानांपर्यंत उचलले आणि ती अंग चोरून बाजूला झाली. डोळे मिटलेले होते. तिने ते ठरवून केले नव्हते. उभी राहिल्यावर ती म्हणाली, “सॉरी, आई.”

“काही नाही,” वहिनी म्हणाली. तिने हात मागे घेतला आणि बोटावरचे कुंकू पदराला पुसले.